स्कुटीचा हॉर्न

आमच्या घरात आजपर्यंत कुणालाच काही झालेलं नाही. कुणी विहिरीत पडलं नाही, कुणाला साप चावला नाही, कुणाला गाडीने उडवलं नाही. माझं हाड कधी मोडलं नाही, कारण मी कधी झाडावर चढलोच नाही. लोकांच्या घरात भीतीला काहीतरी कारण तरी असतं. आमच्याकडे कारण नव्हतं, नुसती भीती होती, आणि घर तिच्याच हुकमाने चालायचं. बाबांना म्हटलं, इतकं कशाला घाबरता, काही होत नाही, तर ते म्हणायचे, "होत नाही, कारन मी लक्ष ठेवतो."

बाबा म्हणजे पुंडलिकराव. कळंबमध्ये त्यांना सगळे ओळखतात. राळेगाव रस्त्याला सात एकर शेत, कापूस आणि तूर, गळ्यात बारा महिने मफलर. त्यांनी आम्हा भावंडांवर आयुष्यात हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. मार खाल्लेली पोरं निदान चिडू तरी शकतात. बाबा फक्त विचारायचे, "काही झालं तं?" शाळेची सहल, काही झालं तं? सायकल, काही झालं तं? या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून आम्ही घरी बसायचो.

आईची, वच्छलाबाईची, तऱ्हा वेगळी. ती अडवायची नाही. ती जेवायची नाही. घरातलं माणूस बाहेर गेलं की पोचल्याबरोबर मिस कॉल द्यायचा, एक रिंग, आणि तो आल्याशिवाय आईच्या ताटात भाकर पडायची नाही. त्यामुळे आम्ही कुठेही पोचलो की आधी आईची भूक आठवायची, मग कशाला आलो ते.

मी अंकुर. वय एकोणतीस. सहा वर्षांपूर्वी मला पुण्यात नोकरी लागली होती. बाबा सोडायला आले आणि माझ्या खोलीवर नऊ दिवस राहिले. सकाळी कंपनीच्या गेटपर्यंत सोबत, संध्याकाळी पुन्हा गेटवर हजर, हातात केळी. दहाव्या दिवशी मला ताप आला, साधा ताप, आणि मी म्हणालो, "बाबा, घरी चला." हे त्यांनी नाही, मी म्हटलं. तेव्हापासून मी बसस्टँडजवळ अभ्यासिका चालवतो. वीस टेबलं, वायफाय, आणि पोरांचे भरतीचे फॉर्म भरून देणं. जागा बाबांनीच शोधून दिली. आमच्या गच्चीवरून अभ्यासिकेचा बोर्ड दिसतो.

सुरभी माझ्याहून पाच वर्षांनी लहान. ती कुणावर गेली, देव जाणे. लहानपणी गच्चीवर जायची बंदी होती, तर ही शेजारच्यांच्या गच्चीवर जाऊन आमच्या गच्चीकडे बघत बसायची. बीएस्सी झाली आणि तिने वनरक्षकाच्या भरतीचा फॉर्म भरला. म्हणजे मी भरला, तिने मला बाबांना सांगू दिलं नाही. लेखी परीक्षेत चांगले गुण पडले तेव्हा घरात सांगावंच लागलं.

बाबा दोन दिवस शेतात गेले नाहीत. "जंगलात एकटी राह्यशील? वाघ हाय तती."

"वाघ हाय म्हनूनच तं नोकरी हाय, बाबा," ती म्हणाली.

आई आत गेली. त्या दिवशी तिचं ताट कोरडंच राहिलं. पण सुरभीने हट्ट सोडला नाही, आणि शेवटी बाबांनी एक तोडगा काढला. धावण्याची चाचणी देऊन बघायची, एकदाच. निवड झाली तर देवाची मर्जी. नाही झाली, तर मागच्या गल्लीतल्या कृषी केंद्रवाल्यांच्या मुलाला होकार द्यायचा. मुलगा निर्व्यसनी, घर चांगलं, आणि मुख्य म्हणजे त्यांचं फाटक आमच्या गच्चीवरून दिसतं. सुरभी लगेच हो म्हणाली. मला एकट्याला तिने सांगितलं, "दादा, पांढरकवड्याकडं कुठंतरी टाकतील मले. एक खोली, एक कुलूप. अन् किल्ली माह्याजवळ. बस, इतकंच पायजे."

तीन किलोमीटर पळायचं होतं. जितका वेळ कमी, तितके गुण जास्त. मागच्या भरतीच्या याद्या काढून आम्ही दोघांनी हिशोब मांडला. तिचे लेखीचे गुण धरता तिला चौदा मिनिटांच्या आत येणं भाग होतं. चौदाच्या वर गेली, की यादीच्या बाहेर.

सराव राळेगाव रस्त्यावर, सकाळी साडेपाचला. आणि तिच्या मागे बाबा, स्कुटीवर. ही स्कुटी कॉलेजला जायला सुरभीसाठीच घेतली होती. तिने ती कधी चालवली नाही. बाबाच तिला मागे बसवून कॉलेजात सोडायचे. आता ती पुढे पळायची आणि बाबा पंधरा पावलं मागे, पाय जमिनीला घासत, मांडीवर कुत्र्यांसाठी काठी, हुकला ग्लुकोजच्या पाण्याची बाटली. त्यांनी ठरवून दिलं होतं, एक हॉर्न म्हणजे दम घे, दोन हॉर्न म्हणजे थांब. तिचं तोंड लाल झालं की एक. हात पोटाशी गेला की दोन. दोन हॉर्नच्या मध्ये ते क्षणभर थांबायचे, पोरगी दचकू नये म्हणून. स्कुटीचा हॉर्न बसका होता, घसा बसल्यासारखा. कळंबात तसा दुसरा नव्हता.

वर्षभर हे चाललं. सकाळी फिरायला येणारे लोक हसायचे, सुरभी हसायची नाही. थांबायचा हॉर्न झाला की थांबायची, घोटभर पाणी प्यायची, पुन्हा पळायची. वेळ काही सोळा मिनिटांच्या खाली येईना.

डिसेंबरात एक दिवस स्कुटी पंक्चर झाली. बाबा हॉर्न वाजवत राहिले असतील, पण ती वळणापलीकडे गेली होती, आणि तिने मागे पाहिलं नाही. बाबा स्कुटी ढकलत पुढे गेले तेव्हा ती तीन किलोमीटरच्या दगडावर बसलेली होती. ते तिच्या शेजारी बसले आणि रडले. "मले दिसली नाही तू," एवढंच म्हणत राहिले.

दुपारी ती अभ्यासिकेत आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "दादा, तेरा पन्नास."

मी तिला आकडा पुन्हा विचारला. ती म्हणाली, "मागं कोनी नसलं की माहे पाय माहेच राह्यतात."

प्रवेशपत्र माझ्याच कॉम्प्युटरवर आलं. चाचणी जानेवारीत, यवतमाळच्या बाहेर एका बंद केलेल्या रस्त्यावर, तारीख बारा. सुरभीने घरी सोळा सांगितली. बारा तारखेला ती सकाळी साडेसातच्या बसने एकटी जाणार होती, घरी सांगून की अभ्यासिकेत जाते. तिचा फोन माझ्याजवळ ठेवणार होती, म्हणजे आठ वाजता तिच्या नंबरवरून बाबांना मिस कॉल देता येईल आणि आई जेवेल. यवतमाळला उतरल्यावर ती कुणाच्या तरी फोनवरून मला कळवणार होती. दुपारपर्यंत परत.

"तुले फक्त गप्प बसाचं हाय, दादा," ती म्हणाली. "जमन?"

मी म्हणालो, "जमन. त्यात काय."

बारा तारखेला मी तिला बसमध्ये बसवून दिलं. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांच्या मध्ये ती खिडकीशी बसली होती, नवे बूट मांडीवर घेऊन, पायात चपला. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने हात हलवला नाही. पुढेच बघत होती.

आठ वाजता मी तिच्या फोनवरून घरी एक रिंग दिली. आई जेवली असेल. सव्वाआठ झाले, माझा फोन वाजला नाही. यवतमाळ आहे पाऊण तासावर. साडेआठ. मी स्वतःला समजावलं, की फोन मागायला लाजली असेल, गर्दी असेल. मी काही वेडा नाही, मला हे सगळं कळत होतं. पण डोक्यात एक बस आडवी झाली होती. मग तिच्या काचा दिसायला लागल्या. मग मांडीवरचे बूट. समोर टेबलांवर पोरं मान खाली घालून वाचत होती आणि माझ्या छातीत कुणीतरी पाय देऊन उभं होतं. तेव्हा मला कळलं, की बाबांना रोज असं होतं. रोज, इतकी वर्षं. त्यांची कीव आली, आणि त्याच कीवेत मी फोन लावला.

आठ चाळीस. "बाबा," मी म्हणालो, "सुरभी यवतमाळला गेली. चाचनी आजच हाय. तिचा फोन नाही आला."

ते ओरडले नाहीत. पाच मिनिटांत स्कुटी अभ्यासिकेसमोर होती, मफलर सुटलेला, पायात घरातल्या चपला. "बस मागं," म्हणाले. मी पोरांना न सांगताच निघालो. रस्त्यात ते प्रत्येक पुलावर वेग कमी करून खाली बघायचे. मीही बघायचो.

साडेनऊला पोचलो. त्या रस्त्याला मधेच एक कच्चा रस्ता येऊन मिळत होता, तिथे बांबू बांधून एक पोलीस उभा होता. बरेच नातेवाईक जमले होते. इथपर्यंत दोन किलोमीटर, पुढे शेवटचा एक. मुलींची तुकडी सुटून आठ मिनिटं झाली होती. बाबा स्कुटीवरून उतरले, हँडल माझ्या हातात दिलं आणि पोलिसाकडे गेले.

"माही पोरगी पळून राह्यली, साहेब. मले फक्त मागं राहू द्या. तिले सवय हाय."

"काका, असं चालत नाही. मागे व्हा," पोलीस म्हणाला. तो चांगला माणूस होता. बाबांनी हात जोडले होते.

तेवढ्यात मुली आल्या. सगळ्यात पुढे एक उंच मुलगी, मग दोघी, आणि चौथी सुरभी. मला आधी ओळखूच आली नाही. ती पळते ते मी याआधी कधी पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. हात मोकळे, पावलं लांब, मान ताठ. जिवंत होती. बस आडवी झाली नव्हती, काच फुटली नव्हती. एवढं बघून मी निवांत व्हायला हवं होतं. पण ती जवळ आली तसं तिचं तोंड दिसलं. लालभडक, ओठ उघडे, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. आणि माझ्या छातीतला तो पाय पुन्हा दाबला गेला. आता पडेल. आता पडली. काही झालं तर?

हॉर्न मी वाजवला. दोनदा, जोडून, घाईघाईने.

ती थांबली. भर वेगात होती, तरी दोन पावलांत थांबली, वर्षभराची सवय होती ती. तिने वळून पाहिलं. ऊन तिच्या डोळ्यांवर होतं, तिने हात कपाळाला लावला आणि गर्दीत शोधायला लागली. मागच्या मुली तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. एक, दोन, पाच, सात. पोलीस ओरडला, "अगं पळ, थांबली काय!" तेव्हा ती पळाली. पण आता तिची मान पुन्हा पुन्हा मागे वळत होती. राळेगाव रस्त्यावरची सुरभी पळत होती.

चौदा मिनिटं एकवीस सेकंद.

ती आमच्याकडे चालत आली तेव्हा तिच्या हातात बूट होते. किती वेळात पोचली, हे मला विचारायची गरज नव्हती, तिने स्वतःच आकडा सांगितला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काहून सांगतलं?"

"तुहा फोन नाही आला."

"बस उशिरा पोचली. उतरल्या उतरल्या पळतच आली इथं. फोन कोनाले मागू?" तिने हातातले बूट खाली ठेवले. मग म्हणाली, "हॉर्न कोनं वाजवला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी बाबा म्हणाले, "म्या. तुहं तोंड लाल झालतं, बेटा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. जसं दप्तर उचलायचे, तापात पाणी पाजायचे, फॉर्मवर सही करायचे, तसंच हेही त्यांनी माझ्यावरून उचलून घेतलं. माझ्या हातून आयुष्यात एक गुन्हा घडला, तोही त्यांनी माझ्याकडे राहू दिला नाही. आणि मी राहू दिला नाही, हे जास्त खरं. मी तोंड मिटून घेतलं.

सुरभी बाबांकडे बघत राहिली. मग तिने बाटली घेतली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "चला घरी. आई उपाशी असन."

स्कुटीवर तिघं कसे बसणार, म्हणून ती बसने गेली. बाबांनी कंडक्टरला सांगितलं, पोरगी एकटी आहे, लक्ष ठेवा. परत येताना एका झाडाखाली ते थांबले, मफलरने तोंड पुसलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

"बरं केलं तू," ते म्हणाले. "मी पोलिसाच्या नादात होतो, माहं ध्यान नव्हतं. तू पाह्यलं. आता मले काळजी नाही, बाबू. माह्यामागं लक्ष ठेवनारा हाय."

ते मनापासून आनंदात होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझा अभिमान वाटला होता.

यादी मार्चमध्ये लागली, त्यात ती नव्हती. मे महिन्यात लग्न झालं. सुरभीने कसलीही कुरकुर केली नाही, मेंदी लावून घेतली, चिंतामणीच्या देवळात जोडीने जाऊन आली. नवरा खरंच चांगला आहे. सासूबाई फार काळजी करणाऱ्या आहेत, हे आईने चार लोकांना कौतुकाने सांगितलं. पळायचे बूट ती आमच्याकडेच ठेवून गेली.

बाबांचे गुडघे आता दुखतात, त्यांना गच्चीवर चढवत नाही. त्यामुळे सकाळी चहा घेऊन मी वर जातो. तिचं फाटक दिसतं. आठ वाजता तिने मला मिस कॉल द्यायचा, एक रिंग, असं बाबांनी लावून दिलं आहे. आला की मी खाली येऊन आईला सांगतो, आणि आई ताट घेते. बाकी कशात लक्ष लागत नसलं तरी आठ वाजण्याकडे माझं लक्ष असतं.

काल आठ वाजले आणि रिंग आली नाही. आठ पाच. फाटक बंद होतं. मला माहीत होतं, की ती आंघोळीला गेली असेल, कपडे धूत असेल, विसरली असेल. आठ सात झाले तेव्हा मी खाली उतरलो होतो आणि स्कुटी बाहेर काढली होती. आईने स्वयंपाकघरातून विचारलंही नाही.

तिच्या फाटकासमोर उभा राहून मी हॉर्न वाजवला. दोनदा.

ती बाहेर आली, हात साबणाने भरलेले. पायरी उतरता उतरता मधेच थांबली. आधी तिने स्कुटीकडे पाहिलं, मग हँडलवरच्या माझ्या अंगठ्याकडे, आणि तिथेच पाहत राहिली. बाबा दोन हॉर्नच्या मध्ये क्षणभर थांबतात. माझे दोन जोडून होते, यवतमाळला होते तसेच.

मला वाटलं, आता ती बोलेल. बोलावं असंही वाटलं. तो गुन्हा, माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती, जी कुणी माझ्यावरून उचलून घेऊ नये असं मला वाटत होतं.

ती फाटकापर्यंत आली. ओल्या हाताने कडी लावली, आतून.

"काही झालं नाही मले, दादा," ती म्हणाली. "जाय. आईले सांग, जेव म्हनावं."

मी घरी आलो आणि आईला सांगितलं.